डोंगरात पडलेली युद्धकाळातली विमानं: जावं का, आणि कसं?

कड्याकपारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

किल्ले, लेणी, घाटवाटा यांवर इथे धाग्यांना तोटा नाही. या विषयावर मात्र शोधून एकही सापडला नाही, म्हणून काढतोय. दुसऱ्या महायुद्धात आणि त्याच्या आगेमागे जी लष्करी विमानं डोंगरांवर आदळली, त्यातल्या कित्येकांचे अवशेष अजून जागच्या जागी पडून आहेत. ते बघायला मुद्दाम पायपीट करणारे लोक आहेत आणि मी त्यातलाच. नोकरीमुळे उत्तर इंग्लंडात असतो. त्यामुळे माझं बघणं पीक डिस्ट्रिक्ट, यॉर्कशायर डेल्स आणि थोडंफार स्कॉटलंड एवढंच. बाकी ठिकाणांबद्दल जाणकारांनी भर घालावी.

सगळ्यात जास्त गर्दी असते ती पीक डिस्ट्रिक्टमधल्या ब्लीकलोच्या पठारावर, हायर शेल्फ स्टोन्सपाशी. तिथे अमेरिकन हवाई दलाचं बी-२९ जातीचं मोठं बॉम्बफेकी विमान आहे, नाव 'ओव्हर एक्स्पोज्ड'. १९४६ साली बिकिनी बेटांवर अणुचाचण्या झाल्या तेव्हा फोटो काढणाऱ्या विमानांपैकी हे एक. ३ नोव्हेंबर १९४८ला स्कॅम्प्टनहून बर्टनवूडला निघालं होतं. (युद्ध संपून तीन वर्षं झाली होती हे मान्य, पण विमान आणि माणसं त्याच पिढीची.) अर्ध्या तासाच्या आतलं, टपाल पोचवण्याचं साधं उड्डाण. ढगातून खाली उतरले आणि ६२१ मीटरच्या माथ्याजवळ आदळले. तेराच्या तेरा जण गेले.

तिथे पोचल्यावर आधी दिसते ती काळी, पाण्याने फुगलेली पीटची जमीन आणि मग तिच्यात विखुरलेला पत्रा. इंजिनं चारही आहेत. एकाच्या सिलिंडरवर उष्णता जाण्यासाठी ज्या पातळ चकत्या असतात, त्यांच्या फटींत शेवाळ भरलंय. पंखाचा एक तुकडा दुमडलेला आहे. बाहेरून तो वाऱ्यापावसाने घासून पांढरट झालाय, पण वाकून घडीच्या आत बघितलं तर कारखान्यात मारलेला पोपटी प्रायमर आजही तसाच आहे. रिव्हेटांची रांग सरळ रेषेत जाते आणि अचानक फाटते. ॲल्युमिनियम गंजून लाल होत नाही, त्यामुळे लांबून हे सगळं परवा पडल्यासारखं वाटतं. लाल गंज दिसतो तो फक्त चाकांच्या पोलादी दांड्यांवर.

माझं म्हणणं एवढंच की हे अवशेष नुसते पाहून काही कळत नाही. जाण्याआधी त्या उड्डाणाबद्दल वाचा आणि तिथे पोचल्यावर विमान कुठून आलं त्या दिशेला तोंड करून उभे राहा. मग मागे वळून माथा किती राहिला होता ते बघा. मला तरी या प्रकारात बघण्यासारखं तेवढंच वाटतं. इंजिनं काय, संग्रहालयात याहून चांगली मिळतात.

भटकी_पावलं

वाचतेय. विषय एकदम वेगळा. यॉर्कशायरमध्ये कोल्ह्याचं तोंड असलेलं एक स्मारक आहे ना? त्याबद्दल लिहा की.

कड्याकपारी

हो, बकडेन पाईक. ३० जानेवारी १९४२, बर्फाचं वादळ. पोलिश वैमानिकांचं वेलिंग्टन जातीचं बॉम्बफेकी विमान सरावाच्या उड्डाणावर होतं. सहा जणांतला शेपटीकडचा तोफची, म्हणजे रिअर गनर, तेवढा वाचला. पाय मोडलेला, वाट कुठली ते ठाऊक नाही. बर्फात कोल्ह्याच्या पावलांचे ठसे दिसले. कोल्हा खाण्याच्या शोधात वस्तीकडेच जाणार असा विचार करून तो त्या ठशांमागे सरपटत उतरला आणि क्रे गावाशी पोचला. पुढे त्यानेच सोबत्यांसाठी तो क्रूस उभारून घेतला. पायथ्याच्या चौथऱ्यात विमानाचे तुकडे बसवलेत आणि कोल्ह्याचं छोटं पितळी तोंड आहे.

वेलिंग्टन ओळखायला सोपं. सांगाडा सरळ पट्ट्यांचा नसून तिरप्या जाळीचा असतो, बार्न्स वॉलिसची रचना. हाताएवढा तुकडा दिसला तरी शंका राहत नाही.

सांजवारा

लेखन चांगलं आहे, पण मला हा छंद पटत नाही. तेरा माणसं जिथे मेली तिथे डबा घेऊन जायचं, इंजिनाशेजारी उभं राहून फोटो काढायचा, घरी येऊन टाकायचा. बरं, काही ठिकाणी तर खरोखर थडगंच आहे. स्कॉटलंडमध्ये बेन मोर असिंटवर एप्रिल १९४१मध्ये एक ॲन्सन जातीचं विमान पडलं. सहाही जणांना तिथेच, विमानाशेजारी पुरलंय, कारण खाली आणणं शक्य नव्हतं. आपल्याकडे कुणी असा स्मशानात ट्रेक काढेल का?

कड्याकपारी

डबा आणि सेल्फीबद्दल सहमत. पण बेन मोर असिंटवर जाणाऱ्यांमुळेच ती कबर विसरली गेली नाही. तिथला जुना दगडांचा ढीग ढासळत चालला होता. अलीकडे ग्रॅनाइटची जड शिळा हेलिकॉप्टरने वर नेऊन बसवली, सहाही नावं कोरून. कुणी जातच नसतं तर कोण कशाला बसवतंय?

सांजवारा

शिळा बसवायला सरकार गेलं, पर्यटक नाही. असो. तुमचा मुद्दा कळला, पटला नाही.

होकायंत्र

विमान वाहतुकीच्या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं तांत्रिक.

बऱ्याच जणांना वाटतं की ही विमानं शत्रूने पाडली. ब्रिटनच्या डोंगरांत पडलेल्यांपैकी बहुतेक सरावाची, ने-आण करणारी किंवा मोहिमेवरून परतताना वाट चुकलेली आहेत. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण युद्धात गेले, त्यातले ८,०००हून जास्त सरावात आणि अपघातांत. ऑपरेशनल ट्रेनिंग युनिटांत जुनी, थकलेली विमानं आणि विशीतली पोरं असायची.

चूक कशी व्हायची? रात्री, ढगात, खाली ब्लॅकआउट. शेवटची खात्रीची जागा, दिशा, वेग, वेळ आणि वाऱ्याचा अंदाज यांवरून आपण कुठे आहोत ते कागदावर काढायचं. याला डेड रेकनिंग म्हणतात. वाऱ्याचा अंदाज ताशी ३० किलोमीटरने चुकला तर दीड तासात तुम्ही ४५ किलोमीटर भलतीकडे. नेव्हिगेटर म्हणतो खाली समुद्र आहे, म्हणून वैमानिक ढगातून उतरतो, आणि खाली असतो डोंगर.

त्यात उंची दाखवणारं यंत्र. ते हवेच्या दाबावर चालतं. निघताना तिथल्या दाबाप्रमाणे लावलेलं असतं. वाटेत कमी दाबाच्या पट्ट्यात शिरलात की ते खऱ्यापेक्षा जास्त उंची दाखवायला लागतं. एका मिलीबारला साधारण ८ मीटर धरा. २० मिलीबारचा फरक म्हणजे १६० मीटर. धागाकर्त्यांनी 'मागे वळून माथा बघा' म्हटलंय ना, कित्येक जागी तो उरलेला माथा एवढासुद्धा नसतो.

आणि हो, पीक डिस्ट्रिक्टच्या भूत-विमानांच्या कथा कुणी आणू नका, प्लीज. ढग, वारा आणि आकडेमोड एवढं पुरेसं आहे.

प्रश्नोपनिषद

मी भूत-विमानाचंच विचारायला आलो होतो :-(

भटकी_पावलं

होकायंत्रकाका, पार्किंगमध्ये पोरं गाडी मागे घेताना चुकतात तसं वाटायचं मला आजवर. हे वाचून अंगावर काटा आला. मग बचावाचं काय? कुणी शोधायला जायचं का?

होकायंत्र

जायचे, पण सुरुवातीला हौशी पद्धतीने. तळावरचा डॉक्टर, दोन-चार शिपाई, गावातला धनगर. वेल्समध्ये लँड्रोग तळावरच्या एका डॉक्टरने नीट पथक बांधलं, त्यातून १९४३च्या सुमारास रॉयल एअर फोर्सची माउंटन रेस्क्यू उभी राहिली. तरी १९५१च्या मार्चमध्ये स्कॉटलंडमधल्या बेन ए या डोंगरावर लँकेस्टर जातीचं बॉम्बफेकी विमान पडलं तेव्हा ती उघडी पडली. बर्फाळ कड्याच्या घळीत विमान, आठ जण आत, आणि पथकाकडे तसल्या बर्फावर चढायचं शिक्षण नाही. शेवटचे मृतदेह ऑगस्टमध्ये निघाले. त्यानंतर प्रशिक्षण पार बदललं. त्या लँकेस्टरचे भाग आजही त्या घळीत आणि खालच्या दगडांत आहेत, पण घळीत चढणं हे गिर्यारोहकाचं काम, हौशी ट्रेकरचं नाही.

ईशान्य_मुशाफिर

मंडळी, इंग्लंडात कशाला अडकलात? या विषयातलं सगळ्यात मोठं प्रकरण आपल्या देशात आहे. हंप, म्हणजे आसामहून डोंगर ओलांडून चीनला जाणारी युद्धकाळातली हवाई वाट.

१९४२मध्ये जपान्यांनी बर्मा रोड, म्हणजे ब्रह्मदेशातून चीनला जाणारा रस्ता, तोडला. चीनला माल पोचवायला उरली फक्त हवा. आसाममधल्या छाबुआ, दिनजान, सुकेरेटिंग, मोहनबारी अशा धावपट्ट्यांवरून अमेरिकन विमानं उठायची आणि पाटकाई, अरुणाचल, उत्तर ब्रह्मदेशाचे डोंगर ओलांडून कुनमिंगला उतरायची. १९४५पर्यंत सुमारे साडेसहा लाख टन माल असा गेला. सुमारे ६०० विमानं गेली. इतकी, की वैमानिक म्हणायचे, निरभ्र दिवशी खाली चमकणाऱ्या पत्र्यावरून वाट सापडते. नावच पडलं, ॲल्युमिनियम ट्रेल.

सी-४६ कमांडो हे त्यातलं मोठं विमान. माल भरपूर न्यायचं, पण कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायचा आणि इंजिन बंद पडायचं. वर ताशी १६० किलोमीटरच्या पुढचे वारे, पंखांवर बर्फ, आणि नकाशे म्हणाल तर डोंगरांच्या उंचीसुद्धा धड नाहीत.

२५ जानेवारी १९४४ हा एकच दिवस घ्या. चीनमधल्या बी-२४ बॉम्बफेकी विमानांचा एक जथा कुनमिंगहून छाबुआकडे येत होता. हवा इतकी वाईट की पाच विमानं एका दिवसात गेली. त्यातलं 'हॉट ॲज हेल' नावाचं विमान तब्बल ६२ वर्षांनी, २००६मध्ये, अप्पर सियांग जिल्ह्यात दामरोह गावाच्या वरच्या डोंगरात क्लेटन क्युल्स या अमेरिकन शोधकाला सापडलं. सापडलं म्हणजे काय, गावच्या शिकाऱ्यांना ते माहीतच होतं. विचारणारा कुणी आला नव्हता. त्या डोंगरांत गावकऱ्यांनी पडलेल्या विमानांचा पत्रा भांड्यांना, दाओला (कोयत्याला), छपराला वापरलाय. मला त्यात काहीच गैर वाटत नाही. मैलोन् मैल दुकान नसलेल्या डोंगरात आभाळातून धातू पडला तर माणूस वापरणारच.

सांजवारा

इथे तर आठ जणांचे अवशेष तसेच पडून होते ना? मग तुमच्या शोधकाने जाऊन फोटो काढून काय साधलं?

ईशान्य_मुशाफिर

साधलं ते असं. शोधकाने विमानाचा क्रमांक वाचून कळवला, कुटुंबांना इतक्या वर्षांनी जागा कळली. मग कुटुंबांनी पाठपुरावा केला. दोन सरकारांच्या परवानग्यांत वर्षं गेली. अरुणाचल म्हणजे सीमेचा प्रश्न, चीनची कुरकुर, सगळंच. शेवटी अमेरिकेच्या संरक्षण खात्याची पीओडब्ल्यू/एमआयए संस्था, जी जगभर हरवलेल्या सैनिकांचे अवशेष शोधते, तिचं पथक आलं. एप्रिल २०१६मध्ये काही अवशेष दिल्लीहून सन्मानाने मायदेशी गेले.

त्यांची पद्धत वाचण्यासारखी आहे. उतारावर दोऱ्या लावून चौकोन आखतात, एकेका चौकोनाची माती खरवडतात आणि सहा मिलिमीटरच्या जाळीतून चाळतात. शोधायचं काय, तर दात, हाडाचा तुकडा, बुटाचा लोखंडी डोळा, गळ्यातली ओळखपट्टी. कुठली वस्तू कुठल्या चौकोनात मिळाली यावरून कोण कुठे बसला होता ते कळतं. पुढे डीएनए, त्यासाठी नातेवाइकांचे नमुने. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठही आता या कामात त्यांच्यासोबत आहे.

म्हणूनच जागेवरची एखादी वस्तू उचलून 'जरा नीट दिसेल अशी' मधोमध मांडून फोटो काढणाऱ्यांची चीड येते. तुमच्या फोटोपायी एका माणसाची ओळख जाऊ शकते.

सांजवारा

ही माहिती नवी होती. धन्यवाद. असल्या कामासाठी जाणाऱ्यांना माझा विरोध नाही. माझा रोख दुसऱ्यांवर होता आणि अजून आहे.

मेघदूत_नव्हे

कायद्याने हे बघायला जाणं चालतं का? आणि एखादा छोटा तुकडा आणला तर? माझ्या एका ओळखीच्याने नट आणलाय, शोकेसमध्ये ठेवलाय.

कड्याकपारी

ब्रिटनमध्ये १९८६चा प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स ॲक्ट आहे. लष्करी सेवेत असताना पडलेलं प्रत्येक विमान आपोआप त्याच्या संरक्षणात येतं, मग ते जर्मन का असेना. वेगळी पाटी लागत नाही. बघायला जाणं गुन्हा नाही. हलवणं, उकरणं, मोडतोड करणं, उचलून नेणं हा गुन्हा. खोदायचं तर संरक्षण मंत्रालयाचा परवाना लागतो, आणि आत मानवी अवशेष किंवा जिवंत दारूगोळा असण्याची शक्यता असेल तर तो देत नाहीत. ओळखीच्याला सांगा, नटही त्यातच आला.

याला एक गमतीशीर दुसरी बाजू आहे. ब्लीकलोच्या बी-२९च्या जागी कॅप्टनची सोन्याची अंगठी अपघातानंतर अनेक वर्षांनी एका स्थानिक माणसाला सापडली. आत नाव कोरलेलं. ती अमेरिकेत त्याच्या मुलीच्या हाती पोचली. हे कायद्याच्या आधीचं. म्हणजे उचललेली प्रत्येक वस्तू चोरीचीच असं नाही, पण शंभरांतल्या नव्याण्णव जणांना अंगठीचा मालक शोधायचा नसतो.

मेघदूत_नव्हे

कळवतो त्याला. परत ठेवून येईल असं वाटत नाही.

पाऊलखुणी

मी जाऊन आलेल्या तीन जागांचे जीपीएस अंक देतो, लोकांना सोपं पडेल:

[संचालक: अंक काढले आहेत. कारण खालच्या चर्चेत.]

पाऊलखुणी

का काढले?? ब्लीकलोचे तर कुठल्याही नकाशावर मिळतात.

कड्याकपारी

ब्लीकलोचे असू द्यायला हरकत नव्हती, तिथे रस्त्यावरून पायवाटच जाते. तुमच्या यादीतल्या तिसऱ्या जागेला होती. आडबाजूच्या, अजून बरंच काही शिल्लक असलेल्या जागेचा अंक एकदा पडला की वर्षभरात डायल, मूठ, क्रमांकाची पट्टी, असं सुटण्यासारखं सगळं गायब होतं. क्रमांकाची पट्टी गेली तर ते विमान कोणतं हे पुढच्याला सिद्ध करता येत नाही.

होकायंत्र

मी थोडा वेगळा विचार करतो. जागा गुप्त ठेवल्याने चोर थांबत नाहीत, त्यांचे आपापसांत अंक फिरतच असतात. अडतो तो सरळ माणूस. पायवाटेवरच्या जागा उघड द्याव्यात, अवघड जागा विचारणाऱ्याला व्यक्तिगत निरोपातून.

पाऊलखुणी

म्हणजे कोण सरळ ते तुम्ही ठरवणार! बरं, राहू दे. ज्याला हवे त्याने निरोप टाका.

प्रश्नोपनिषद

डायलवरून आठवलं. ते अंधारात चमकायचे ना? हात लावला तर काही होतं का?

होकायंत्र

लावू नका. त्या काळच्या डायलच्या आकड्यांना रेडियमचा रंग असायचा. आता ते चमकत नाहीत, त्यामुळे लोकांना वाटतं जोर संपला. संपलेला असतो तो चमकणारा पदार्थ, झिंक सल्फाइड. रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं आहे. रंगाची भुकटी नखात गेली आणि नंतर पोटात, तर त्रास आहे. काडतुसं दिसली तरी तेच, पॉइंट ३०३ असो वा पॉइंट ५०. हात न लावता पोलिसांना कळवायचं. बाकी धोका फाटलेल्या पत्र्याचा, तो ब्लेडसारखा कापतो.

भटकी_पावलं

हिमनदीत पडलेल्यांचं काय होतं? बर्फ वितळतोय तसं वर येत असतील.

ईशान्य_मुशाफिर

येतात, आणि पडले तिथे नाही, खूप खाली. स्वित्झर्लंडची गाउली हिमनदी हे उत्तम उदाहरण. १९ नोव्हेंबर १९४६, अमेरिकन सैन्याचं डाकोटा जातीचं विमान ३,३५० मीटरच्या आसपास बर्फावर घसरत थांबलं. बाराही जण जिवंत! पाच दिवसांनी स्विस वैमानिकांनी श्टोर्ख जातीची छोटी विमानं स्कीवर थेट हिमनदीत उतरवून सगळ्यांना काढलं. विमान बर्फाने गिळलं. २०१२मध्ये पंखा बाहेर आला, २०१८च्या उन्हाळ्यात पंख आणि बरंच काही, मूळ जागेपासून कित्येक किलोमीटर खाली.

आपल्याकडचं उदाहरण युद्धकाळातलं नाही, पण सांगतो. ७ फेब्रुवारी १९६८ला चंदीगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२, १०२ जण. रोहतांगच्या बाजूला बेपत्ता. २००३मध्ये ढाका हिमनदीवर गिर्यारोहकांच्या तुकडीला अवशेष दिसले. तेव्हापासून सैन्याच्या मोहिमा जातच आहेत. २०२४मध्ये आणखी चार मृतदेह मिळाले, ५६ वर्षांनी. तिथे मात्र हौसेने जायचा विचारही करू नका.

मेघदूत_नव्हे

अरुणाचलात सामान्य माणसाला काय बघता येईल? डोंगरातल्या जागा झेपणार नाहीत.

ईशान्य_मुशाफिर

पासीघाटला हंपचं संग्रहालय आहे, नोव्हेंबर २०२३मध्ये उघडलं. डोंगरांतून आणलेले विमानांचे भाग तिथे नीट मांडलेत. इनर लाइन परमिट लागतो, तो आधीच काढा. प्रत्यक्ष जागांवर स्थानिक वाटाड्या आणि गावबुढ्याची (गावच्या मुखियाची) परवानगी घेतल्याशिवाय जाऊ नये. वाट अशी नसतेच, बांबू तोडत जायचं, जळवा वेगळ्या. पावसाळा तर सोडूनच द्या.

भटकी_पावलं

आणि कड्याकपारी, ब्लीकलोला दहा वर्षांच्या मुलाला नेता येईल का? त्याला विमानांचं वेड आहे.

कड्याकपारी

नेता येईल. स्नेक पास या घाटरस्त्याच्या माथ्यावरून गेलात तर चढ फार नाही. मे ते सप्टेंबरमधला स्वच्छ दिवस बघा. पठारावर धुकं उतरलं की सगळीकडे सारखंच दिसतं आणि मोबाइलवर विसंबता येत नाही, कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच. (यंत्र म्हणतोय, काका नव्हे. काका येत असतील तर उत्तमच.) बूट घोट्यापर्यंतचे, सुके मोजे जास्तीचे. मुलाला आधीच सांगून ठेवा की इंजिनावर चढायचं नाही आणि खिशात काही घालायचं नाही. स्मारकाच्या दगडावर तेरा नावं आहेत, ती त्याला वाचायला लावा.